आधी चाकं आणा, मग पाइप कापा: घरच्या हत्यारांसाठी लोखंडी चाकाचं कपाट

नाशिकला सिडकोत, इंदिरानगरमध्ये, पाथर्डी फाट्याकडे जी रो हाउसं आहेत त्यांत हत्यारं ठेवायला हक्काची जागा म्हणजे जिन्याखालचा कोपरा. तिथे बसून काम करता येत नाही, म्हणून हत्यारं उचलून पार्किंगमध्ये न्यायची आणि संध्याकाळी गाडी आत घेताना परत आत ठेवायची. पान्हे एका पिशवीत, ड्रिल खोक्यात आणि स्क्रू बिस्किटांच्या डब्यात. अशा घराला चाकावरचं लोखंडी कपाट फार उपयोगी पडतं. सकाळी बाहेर ढकला, दिवसभर त्याच्या माथ्यावरच काम करा, अंधार पडला की आत ढकला.

मी अशी चार कपाटं बांधली आहेत. पहिलं आडवं झालं. वरच्या अंगाला जड व्हाइस (काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) बसवला होता आणि तिन्ही खण एकदम उघडे राहिले होते. माझा पाय थोडक्यात वाचला, आतल्या ड्रिलची बॉडी मात्र फुटली. त्या दिवसापासून मी आधी वजन कुठे बसणार ते ठरवतो आणि मगच टेपला हात लावतो. खाली जे माप देतो आहे ते त्या अनुभवावरून बेतलेलं आहे. ते जसंच्या तसं घेतलंत तरी चालेल.

कपाट असं: रुंदी 600 मिमी, खोली 450 मिमी, सांगाड्याची उंची 750 मिमी. वर दोन खण, खाली दाराचा एक मोठा कप्पा. खाली 4 इंची चाकं आणि माथ्यावर 18 मिमीचा प्लाय धरला की एकूण उंची 900 मिमीच्या आसपास येते. उभं राहून काम करायला ही उंची बरी पडते, कंबर वाकवावी लागत नाही.

चाकं आणि चॅनेल पहिल्या दिवशी

नवखा माणूस आधी पाइप आणतो, सांगाडा जोडतो आणि मग चॅनेल आणायला जातो. तिथेच चुकतं. खण ज्यावर आत-बाहेर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी जागा लागते. ती जागा सांगाड्यात नसली तर खण आत जातच नाही, आणि जास्त असली तर चॅनेल वाकडा होऊन अडकतो. म्हणून चॅनेलची जोडी आणि चारही चाकं हातात असल्याशिवाय एकही पाइप कापू नका. चाकाची पाटी, तिच्यावरच्या भोकांचं अंतर, चॅनेलची खरी जाडी, हे सगळं कॅलिपरने मोजून वहीत लिहा.

चाकांचा हिशोब करा. रिकामं कपाट 45 किलोच्या आसपास भरतं. हत्यारं, व्हाइस, माथ्यावर ठेवलेलं काम मिळून आणखी 80 किलो धरा. झाले 125. आता याला चाराने भागायचं नाही, तीनाने भागायचं. फरशी कधीच अगदी सपाट नसते. एक चाक जरा अधांतरी राहतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणजे एका चाकावर सुमारे 42 किलो. मी 75 किलोच्या खालचं चाक घेत नाही, कारण फरशीच्या सांध्यात चाक आपटलं की क्षणभर भार कितीतरी वाढतो.

चाकाचा व्यास 4 इंच घ्या. आपल्याकडे घरात शहाबादी किंवा कोटा असतो आणि पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक. दोन्हीच्या सांध्यांत 2 इंची चाक रुतून बसतं. चाकाचा मालही बघा. नायलॉन भार चांगला घेतं, पण फरशीवर फार वाजतं आणि टाइल्सवर ओरखडे काढतं. काळं रबर शांत चालतं, पण काही फरश्यांवर काळे पट्टे सोडतं. घरासाठी पॉलियुरेथेनचं चाक सगळ्यांत सोयीचं, थोडे पैसे जास्त गेले तरी. दोन चाकं सरळ आणि दोन फिरती घ्या. फिरत्या दोघांना ब्रेक हवाच. पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि भरलेलं कपाट त्या उतारावरून आपणहून निघतं. चारही चाकं फिरती घेतलीत तर कपाट ढकलताना वळवळतं, सरळ जात नाही.

चॅनेल 16 इंची, म्हणजे 400 मिमी, बॉल बेअरिंगवाला, 45 मिमी रुंदीचा. दोन जोड्या. दुकानात पूर्ण उघडून, टोकाला बोटाने दाबून बघा. हलका माल लगेच खाली झुकतो.

लोखंड घेताना

हार्डवेअर रविवार कारंजा, भद्रकाली भागात मिळून जातं. पाइप आणि पत्रा मी अंबड–सातपूरकडे घेतो, कारण तिथे पत्रा हवा त्या मापात कापूनही मिळतो आणि बेंडिंगचं, म्हणजे पत्रा मशीनवर वाकवून देण्याचं, जॉबवर्क करणारेही जवळच असतात. निघण्यापूर्वी फोन करून साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट जाते.

दुकानदार गेजमध्ये बोलेल, तुम्ही मिलिमीटरमध्ये बोला. बाजारात 20 गेज म्हणजे साधारण 1 मिमी आणि 18 गेज म्हणजे 1.2 मिमी समजतात, पण प्रत्यक्षात पातळ पत्राही त्याच नावाने हातात पडतो. कॅलिपर सोबत न्या आणि कडेला तीन ठिकाणी मोजा. पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, घ्या. तो गुळगुळीत असतो आणि त्यावर रंग चांगला बसतो. एचआरवर, म्हणजे गरम लाटलेल्या पत्र्यावर, निळसर-काळी खपली असते, ती काढत बसावी लागते. जीआय म्हणजे जस्त चढवलेला माल वेल्डिंगसाठी घेऊ नका. जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो.

पाइप 25 × 25 मिमी चौकोनी, जाडी 1.6 मिमी. 20 फुटांचे दोन नग पुरतात. कापणीची यादी अशी:

उभे खांब 750 मिमीचे 4.
रुंदीचे आडवे 550 मिमीचे 5 (पुढे तीन, मागे दोन).
खोलीचे आडवे 400 मिमीचे 8 (चार सांगाड्याचे, चार चॅनेल बसवायचे).

पहिल्या पाइपमधून चार खांब आणि पाचही 550 चे तुकडे निघतात. दुसऱ्यातून आठ 400 चे निघून वर पावणेतीन मीटरच्या आसपास उरतो. त्यातून ढकलायची मूठ आणि तळाला मधोमध एक जादा टेका करा. कापताना ग्राइंडरची चकती प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिमी खाते, ते धरूनच खुणा करा. सगळ्या खुणा एकदम करून मग कापत सुटू नका. एक कापा, पुढचं माप कापलेल्या टोकापासून घ्या.

पत्रा 1 मिमीचा. 8 × 4 फुटांचं एक शीट पुरत नाही, दीड धरा. दुकानातच शिअरिंगवर (पत्रा कापायच्या मशीनवर) कापून घ्या: बाजू 448 × 748 चे दोन, पाठ 598 × 748, तळ 600 × 450. तळाच्या चारही कोपऱ्यांत खांबांसाठी 26 मिमीची खाच लागेल. ग्राइंडरने पत्रा लांब कापायला जाऊ नका. कड तापून लाटा येतात आणि मग ठोकून सरळ करायचा मोह होतो. ठोकल्याने तो सरळ होत नाही. तांबट लेनमध्ये भांडं घडवताना पाहिलं असेल तर आठवून बघा. हातोडीच्या प्रत्येक घावाने पत्रा पसरतो, त्या पसरण्यानेच भांड्याला घाट येतो. आपल्या सपाट पत्र्यात तोच गुण फुगवटा होऊन बसतो, आणि तो पुढे जन्मभर टॅक-टॅक वाजत राहतो.

सांगाडा गुण्यात (काटकोनात) आणणे

इथे घाई करू नका. सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

पुढची चौकट जमिनीवर आडवी मांडा. दोन खांब आणि त्यांच्या मध्ये तीन आडवे. वरचा आडवा खांबांच्या टोकाशी, खालचा खालच्या टोकाशी, आणि मधला असा की त्याची वरची कड माथ्यापासून 325 मिमीवर येईल. प्रत्येक सांध्याला वेल्डिंगचा फक्त एक छोटा टाका मारा. आता दोन्ही कर्ण मोजा. 600 × 750 च्या चौकटीचा कर्ण 960.5 मिमी येतो. एक कर्ण 963 आणि दुसरा 958 आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी हातोडीने हलकेच ठोका आणि परत मोजा. दोन्ही एका मिलिमीटरच्या आत आले की दुसरा टाका. मागची चौकट पुढच्या चौकटीवर ठेवूनच जुळवा, म्हणजे दोघी तंतोतंत सारख्या होतात.

मग दोन्ही चौकटी उभ्या करून 400 चे चार तुकडे चार कोपऱ्यांत जोडा. तळाचं माप मुद्दाम 450 × 600 ठेवलं आहे. 3-4-5 चा काटकोन त्यात आपोआप सापडतो: 450 म्हणजे 3 भाग, 600 म्हणजे 4 आणि कर्ण बरोबर 750, म्हणजे 5 भाग. खांबाचीही लांबी 750 च आहे. त्यामुळे टेप नसला तरी 750 ची सरळ पट्टी तळाच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी धरून बघा. दोन्ही बाजूंनी ती नेमकी बसली की तळ गुण्यात आहे. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा बाजूला उभा राहून बघणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, हे पायथागोरसचं गणित आम्ही दहावीला नुसतं पाठ केलं होतं." दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीने त्याने घरातल्या दाराची चौकट तपासली.

चॅनेलच्या चार आडव्यांसाठी टेप वापरू नका. खांबाच्या माथ्यापासून या पाइपचा मध्य पहिल्या खणासाठी 100 मिमीवर आणि दुसऱ्यासाठी 250 मिमीवर येतो. प्लायचे दोन तुकडे बरोबर मापाचे कापा, एक पहिल्या आडव्यासाठी, एक दुसऱ्यासाठी. वरच्या आडव्याच्या खाली तो तुकडा टेकवायचा, त्याच्याखाली पाइप धरायचा, क्लॅम्प मारायचा आणि टाका द्यायचा. डाव्या बाजूला जो तुकडा वापरलात तोच उजव्या बाजूला वापरा. टेपने चार वेळा मोजलं की चार वेगळी मापं येतात. लाकडाचा तुकडा प्रत्येक वेळी तेच माप देतो. हे चार पाइप खांबांच्या आतल्या कडेशी सपाट आले पाहिजेत, हाताला कुठेही पायरी लागता कामा नये.

वेल्डिंग मशीन भाड्याने मिळतं. छोटं इन्व्हर्टर मशीन या कामाला पुरेसं आहे. 2.5 मिमीची कांडी आणि 60 अँपिअरच्या आसपास करंट. आधी उरलेल्या पाइपवर दहा-बारा सांधे मारून हात बसवा. 1.6 मिमीचा पाइप आहे, एका जागी रेंगाळलात की भोक पडतं. एक सांधा पूर्ण करून शेजारचा घेऊ नका. आधी समोरासमोरचे, मग तिरपे, असं फिरत राहा. उष्णता एका बाजूला साचली की थंड होताना तीच बाजू आवळली जाते आणि एवढ्या मेहनतीने आणलेला काटकोन जातो.

वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर धरायची काच 10 किंवा 11 नंबरची हवी. हात लोखंडाच्या कामाला सरावलेला नसला तर टाका मारताना "एवढ्याचसाठी कशाला काच" असं वाटतं. त्या एका टाक्यानेच रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट, आणि ग्राइंडरचं गार्ड कधीही काढायचं नाही. जवळ थिनरची बाटली, गोणपाट किंवा गाडी उभी असेल तर आधी ती हलवा.

चाकांच्या पाट्या

तळाच्या चारही कोपऱ्यांत 100 × 100 × 5 मिमीची पाटी वेल्ड करा, भोकं आधीच पाडून. चाकं एम 8 च्या (8 मिमी जाड) बोल्टने आणि नायलॉक, म्हणजे आपोआप सैल न होणाऱ्या, नटाने बसवा. चाक थेट वेल्ड करणारे असतात. त्या उष्णतेने आतलं ग्रीस जळतं, फिरता भाग घट्ट होतो, आणि चाक झिजलं की बदलताही येत नाही. ब्रेकवाली फिरती चाकं मूठ असेल त्या बाजूला, सरळ चाकं विरुद्ध बाजूला.

खण

सांगाड्यात खणासाठी मोकळी जागा 550 मिमी. त्यातून दोन्ही बाजूंचे 12.7 वजा केले की उरले 524.6. खणाची बाहेरची रुंदी 524 करा. अर्धा मिमी सैल चालतो, अर्धा मिमी जास्त अजिबात चालत नाही. उंची 120, खोली 400.

बेंडिंगवाल्याला बाहेरचं माप सांगून भागत नाही, सपाट पत्रा किती कापायचा ते माहीत हवं. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, म्हणून सपाट पत्रा मापांच्या बेरजेपेक्षा थोडा कमी लागतो. 1 मिमी पत्र्याला एका काटकोनी घडीमागे साधारण 1.8 मिमी वजा करा. आपला खण तळ आणि दोन बाजू मिळून यू आकाराचा: 524 + 120 + 120 = 764, दोन घड्यांचे 3.6 वजा, उरले 760.4. वरची धारदार कड आतल्या बाजूला पूर्ण दुमडून घ्या, त्यासाठी प्रत्येक बाजूला 10 मिमी जादा ठेवा. हात कापण्यापासून वाचतो आणि खणही कडक होतो. प्रत्येक मशीनच्या डायप्रमाणे वजावट जराशी बदलते, म्हणून भंगारातल्या पट्टीवर एक घडी मारून मोजा आणि मगच दोन्ही खण वाकवायला द्या. बेंडिंगवाल्या भाऊंना तसं आधीच सांगा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

खणाची पुढची-मागची बाजू वेगळ्या पत्र्याची, कडा दुमडून 4 मिमीच्या पॉप रिव्हेटने जोडा. त्यासाठी 4.1 मिमीचं ड्रिल. रिव्हेटची लांबी ठरवताना दोन्ही पत्र्यांची जाडी आणि वर व्यासाच्या दीडपट धरा. 1 + 1 + 6, म्हणजे 8 मिमी. बाहेरचा पत्रा 1.6 च्या पाइपला लावताना 10 मिमीचा लागतो. चॅनेल ज्या बाजूला येणार तिथे रिव्हेटचं डोकं येऊ देऊ नका, तेवढी फटही तिथे उरत नाही.

खणाचं दर्शनी तोंड सांगाड्याच्या आत बसवायचं की वरून झाकायचं? नवख्याने वरून झाकणारंच करावं. आत बसवलेल्या तोंडाभोवतीची फट एका मिलिमीटरने तिरकी असली तरी डोळ्याला खुपते. वरून झाकलं की सांगाड्यातला छोटा दोष दिसत नाही. दोन तोंडांमध्ये 3 मिमी फट सोडा. खालच्या दाराचंही तसंच, कडा 15 मिमी दुमडून, दोन बिजागऱ्यांवर.

चॅनेल आधी लांबट भोकांतून स्क्रू मारून बसवा. खण दहा वेळा आत-बाहेर करा. शेवटच्या इंचात घट्ट वाटला तर पुढचा किंवा मागचा भाग जरासा सरकवा. हलका झाला की मगच गोल भोकांतले स्क्रू. स्क्रू चपट्या डोक्याचे, नाहीतर चॅनेलचा आतला भाग डोक्याला घासतो.

रंग

बाहेरचे पत्रे बसवण्याआधी सांगाडा, पत्रे, खण, दार सगळं सुटं सुटं रंगवा. चॅनेल, चाकं, कुलूप काढून ठेवा. रंगानंतर पत्रे 100–120 मिमीवर एकेक रिव्हेट मारून बसवा.

पावडर कोटिंग करून घेता आलं तर उत्तमच. भट्टीत 180 ते 200 अंशांवर पावडर वितळून एकसंध थर होतो, हत्यार घासलं तरी सहज निघत नाही. द्यायच्या आधी प्रत्येक बंद पाइपला न दिसणाऱ्या जागी 6 मिमीचं एक भोक पाडा. आत अडकलेलं धुण्याचं रसायन आणि तापलेली हवा बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ऐन सांध्यावर फोड येतो. घरी रंगवत असाल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, थिनरच्या फडक्याने पुसा, त्याच दिवशी रेडॉक्साइडचा अस्तर हात मारा आणि नंतर इनॅमलचे दोन हात. जून ते सप्टेंबरमध्ये हे काम टाळा. पावसाच्या हवेत घासलेल्या पत्र्यावर रात्रीतून तांबूस पुट चढतं आणि रंगाखाली ते वाढत राहतं. नाशिकची नोव्हेंबर–डिसेंबरची कोरडी हवा रंगाला सगळ्यांत चांगली, फक्त सकाळचं दव उडू द्या.

भरताना

सगळ्यांत जड वस्तू खालच्या कप्प्यात: ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग कांड्या, नट-बोल्टचे डबे. त्या कप्प्यात मी मधली फळी घालत नाही. 375 मिमी उंचीत मशीन उभी राहते. खणांत हलकी हत्यारं. व्हाइस बसवायचा असेल तर सरळ चाकांच्या डोक्यावर, आणि तोही हलका. एका वेळी एकच खण उघडायचा हा नियम घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

ढकलताना खण आपोआप उघडतात, म्हणून पुढच्या डाव्या कडेला 20 × 3 मिमीची उभी पट्टी बिजागरीवर बसवा. मिटली की दोन्ही खण आणि दार तिच्यामागे अडकतात, खाली एक छोटं कुलूप. लहान पोरं असलेल्या घरात ही पट्टी न लावता कपाट वापरू नका.

खणाच्या तळाला 20 मिमीचा फोम घाला आणि प्रत्येक पान्हा, पक्कड, कानस त्यावर ठेवून भोवती पेनाने रेघ ओढून तेवढी खाच कापा. विमानाच्या कामात ही पद्धत पक्की आहे. विमानात एक स्क्रूड्रायव्हर विसरून राहिला तर काय होईल याची कल्पना करा. ओझरला एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) विमानांचा कारखाना 1964 पासून आहे, त्यामुळे आपल्याकडे ही शिस्त अंगी बाणलेली माणसं घरोघरी भेटतात. संध्याकाळी खण मिटताना एक खाच रिकामी दिसली की हत्यार गच्चीवर राहिलंय हे लगेच कळतं.

महिन्यातून एकदा चाकांच्या आसात अडकलेले केस आणि दोरे चिमट्याने काढा, फिरत्या भागाला ग्रीस द्या. पहिल्या पंधरा दिवसांनी चाकांचे सोळाही बोल्ट एकदा पान्ह्याने आवळून बघा.